बसल्या जागी शेकोटी

आमच्या सोफ्यापासून फायरप्लेसच्या बटणापर्यंत बरोबर अकरा पावलं आहेत. मी मोजली आहेत. एरवी मी स्वतःचं काहीच मोजत नाही, वजन तर मुळीच नाही. पण ही पावलं मोजली, कारण मला ती वाचवायची होती. त्यापायी नव्वद डॉलर, एक अख्खा शनिवार, एका रात्रीची झोप आणि हळदीकुंकवाला आलेल्या अठरा बायकांसमोरची इभ्रत गेली. इभ्रत बाजूला ठेवून हिशेब केला तरी एका पावलाला आठ डॉलरच्या वर पडले. एवढ्या पैशात माणूस सोफ्यापासून बटणापर्यंत टॅक्सी करून जाईल.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल या उपनगरात राहतो. घर बघायला गेलो तेव्हा दाखवणाऱ्या बाई बैठकीच्या खोलीतल्या एका काचेच्या कोनाड्यासमोर थांबल्या आणि त्यांनी आवाज हळू केला, आपल्याकडे गाभाऱ्यासमोर करतात तसा. "आणि हे फायरप्लेस," त्या म्हणाल्या. आत चार ओंडके रचलेले होते. मी विचारलं, रोज लाकडं कुठून आणायची? त्या हसल्या. ओंडके सिरॅमिकचे होते. त्यांच्याखाली गॅसची नळी, नळीला भोकं, आणि भोकांतला जाळ ओंडक्यांच्या फटींतून असा खेळवलेला की लाकूडच जळतंय असं वाटावं. निखाऱ्यांच्या जागी खनिज लोकरीचे पुंजके, ते तापून लाल होतात. धूर एका दुहेरी नळीतून परस्पर बाहेर जातो आणि त्याच नळीच्या बाहेरच्या पदरातून जाळाला लागणारी हवा आत येते. लाकूड खोटं, निखारा खोटा, राख नाहीच. जाळ तेवढा खरा.

मी साताऱ्याचा. लहानपणी न्हाणीघरातला तांब्याचा बंब पेटवायचं काम माझ्याकडे होतं. करवंट्या, चिपाडं, जुनी वर्तमानपत्रं घालायची आणि फुंकणी तोंडाला लावायची. पाणी तापेपर्यंत माझे डोळे बंबापेक्षा लाल व्हायचे. बिनधुराची आग ही माझ्या लेखी श्रीमंतीची व्याख्या होती. घर घेतलं.

अमेरिकन माणसाला आगीसमोर नुसतं बसून राहायला फार आवडतं. ज्यांच्या घरी फायरप्लेस नाही अशा न्यूयॉर्ककरांसाठी तिथल्या डब्ल्यूपीआयएक्स या वाहिनीने १९६६च्या नाताळच्या आदल्या रात्री चक्क जळता ओंडका दाखवला. बातम्या नाहीत, जाहिराती नाहीत. ओंडका आणि नाताळची गाणी. पुढे वीसेक वर्षं दर नाताळात तो दाखवला गेला. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्या लोकांना हसलो होतो. आता मी स्वतः रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन न जळणाऱ्या ओंडक्यांकडे बघत बसतो, आणि तेही जाहिरातींशिवाय.

तर, अकरा पावलं. ३० जानेवारी २०१९ला ओहेअर विमानतळावर पारा उणे ३१ अंश सेल्सियसला गेला. टपाल खात्यानेसुद्धा त्या दिवशी आमच्या भागात टपाल वाटलं नाही. मी घरूनच काम करत होतो, म्हणजे फायरप्लेससमोर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. वीस मिनिटं जाळ चालू राहिला की अंगाची लाही व्हायची. उठायचं, बटण बंद करायचं. पंधरा मिनिटांत पाय गार. उठायचं, बटण चालू करायचं. दिवसभरात नऊ वेळा उठलो. अकरा गुणिले दोन गुणिले नऊ, एकशे अठ्ठ्याण्णव पावलं. संध्याकाळी मी बायकोला म्हटलं, "याला रिमोट असायला हवा."

ती म्हणाली, "डॉक्टरांनी तुला रोज दहा हजार पावलं सांगितलीत. त्यातली एकशे अठ्ठ्याण्णव आज झाली, तर तीही तुला काढून टाकायचीत?"

खरं तर आळसासाठी मी अगदी योग्य गावी राहतो. टीव्हीचा रिमोट हे शिकागोचंच अपत्य. इथल्या झेनिथ कंपनीने १९५०मध्ये जो काढला त्याचं नावच 'लेझी बोन्स', म्हणजे आळशी हाडं. त्याची वायर थेट टीव्हीपर्यंत जायची आणि घरातली माणसं तिच्यात अडखळायची. मग १९५६मध्ये याच कंपनीतल्या रॉबर्ट ॲडलर यांनी बिनवायरचा आणि बिनबॅटरीचा रिमोट काढला. बटण दाबलं की आतली हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची. तिचा माणसाच्या कानाला न कळणारा नाद टीव्हीला कळायचा. एवढी थोर परंपरा असलेल्या गावात राहून मी बटण दाबायला उठत होतो, याची मला लाज वाटली.

२०१९च्याच थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये मी रिमोट मागवला. तो येईपर्यंत फायरप्लेसला हात लावायचा नाही असं ठरवलं. पहिला जाळ पेटेल तो सोफ्यावरूनच पेटेल. असले निश्चय मी व्यायामाच्या बाबतीत कधी केले नाहीत.

खोक्यात तीन गोष्टी होत्या. हातात धरायचा रिमोट. साबणाच्या वडीएवढा रिसीव्हर, जो फायरप्लेसच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा. आणि तीन भाषांतली पुस्तिका. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं की हे काम जाणकार व्यक्तीने करावं. मी इंजिनिअर असल्याने ते वाक्य मला माझ्याबद्दलच वाटलं. मी सॉफ्टवेअरचा इंजिनिअर आहे हा तपशील पुस्तिकेला माहीत नव्हता.

दुसरी सूचना अशी की झडपेच्या तारांना घरची १२० व्होल्टची वीज चुकूनही जोडू नये. हे वाचून मी सावध झालो आणि सावध माणूस जे करतो ते केलं: तळघरात जाऊन घराचा मेन स्विच पाडला.

वरून पाठोपाठ दोन आवाज आले. लेक म्हणाली, इंटरनेट गेलं. साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेली आई म्हणाली, मालिका गेली, आणि ती सून आता खरं बोलणारच होती. बायको काही म्हणाली नाही, ती तळघराच्या दारात येऊन उभी राहिली. या थंडीत इडलीचं पीठ बाहेर ठेवून फुगत नाही, म्हणून आमच्याकडे ते ओव्हनमध्ये आतला दिवा लावून ठेवतात. तो दिवाही गेला होता. त्याच्याबरोबर घर गरम ठेवणारी भट्टीही बंद पडली होती.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"दहा मिनिटं."

मोबाइलच्या उजेडात मी भिंतीवरचं बटण उघडलं. आत काळी, पांढरी, हिरवी अशा जाडजूड वायरी असतील असं वाटलं होतं. होत्या फक्त दोन बारीक तारा, दरवाजाच्या घंटीला असतात तशा. मग मी पुस्तिका पुढे वाचली. ती आधी पुढे वाचली असती तर इडल्या फुगल्या असत्या.

या फायरप्लेसला घरची वीज लागतच नाही. खाली कोपऱ्यात गॅसची एक छोटी ज्योत कायम तेवत असते, तिला पायलट म्हणतात. ज्योतीच्या तोंडाशी बोटाएवढा दांडा उभा असतो, तो थर्मोपाइल. दोन वेगवेगळ्या धातूंचा सांधा तापला की त्यातून विजेचा बारीकसा प्रवाह निघतो. असे पुष्कळ सांधे एकापुढे एक बांधले की पाऊण व्होल्टपर्यंत वीज मिळते. तेवढ्यावर गॅसची मुख्य झडप उघडते. भिंतीवरचं बटण त्या दोन तारा जोडतं आणि तोडतं, बाकी काही करत नाही. म्हणूनच हिमवादळात सगळ्या आळीची वीज गेली तरी हे फायरप्लेस चालू राहतं. थोडक्यात, ज्या तारांच्या भीतीने मी अख्ख्या घराची वीज घालवली, त्यांत एका पेन्सिल सेलच्या निम्मी वीज होती.

मेन स्विच चालू केला. एव्हाना पाऊण तास झाला होता. आई मालिका सोडून माझ्याजवळ मोडा ओढून बसली होती. मालिकेपेक्षा इथे जास्त घडतंय असं तिचं मत झालं असावं. मी तिला सगळं समजावून सांगितलं. "बघ आई, ज्योत आहे म्हणून वीज आहे, वीज आहे म्हणून झडप उघडते, झडप उघडते म्हणून जाळ लागतो. किती सोपं!" तिने मान डोलावली. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते माझ्यावर उलटणार आहे.

मग खरी जोडणी. गॅसच्या नळीला मी बोट लावलं नाही, तेवढी अक्कल माझ्यात आहे. झडपेवरून बटणाकडे जाणाऱ्या दोन तारा सोडवल्या आणि तिथे रिसीव्हरच्या दोन तारा बसवल्या. रिसीव्हरमध्ये चार पेन्सिल सेल घातले. पाऊण व्होल्टची तार जोडायला-तोडायला सहा व्होल्ट! सरकारी कामात असा खर्च निघाला असता तर मी कुणाला तरी पत्र लिहिलं असतं. भिंतीवरचं जुनं बटण आता निरुपयोगी झालं होतं. पुस्तिकेत ते ठेवा किंवा काढा असं काहीसं होतं. मी ते काढलं आणि भोकावर कोरी पांढरी पट्टी बसवली. भिंत कशी स्वच्छ दिसायला लागली. त्या पट्टीकडे बघून मला जो अभिमान वाटला तो नंतर मला फार महागात पडला.

शेवटी रिसीव्हरला रिमोटची ओळख करून द्यायची होती. शेजाऱ्याच्या रिमोटने आपली आग पेटू नये म्हणून प्रत्येक रिमोटला स्वतःचा सांकेतिक क्रमांक असतो, आणि असे दहा लाखांवर क्रमांक आहेत. रिसीव्हरच्या पाठीवर सुईच्या नेढ्याएवढं भोक होतं, त्याच्या आत बटण. टाचणी सापडेना, म्हणून देवघरातून उदबत्तीची काडी आणली. काडीने बटण दाबलं, मग रिमोटचं बटण दाबलं. रिसीव्हर आनंदाने टीं टीं टीं करून ओरडला. बारसं झालं.

मी सोफ्यावर जाऊन बसलो. सगळ्यांना बोलावलं. रिमोट उचलला आणि 'चालू' दाबलं. खालच्या कप्प्यातून स्पष्ट 'खट्' असा आवाज आला.

बस. एवढंच. खट्.

बंद केलं, खट्. चालू केलं, खट्. ओंडके माझ्याकडे बघत होते आणि मी ओंडक्यांकडे. मी म्हटलं, सेल. टीव्हीच्या रिमोटमधले काढून घातले. खट्. तारा उलट जोडल्या असतील. सुलट केल्या. खट्. परत आधीसारख्या केल्या. खट्. सॉफ्टवेअरमध्ये अशा वेळी सगळं पुसून पहिल्यापासून चालू करतात, म्हणून सगळं काढून पहिल्यापासून बसवलं, दुसरी उदबत्ती मोडून दुसरं बारसं केलं. खट्. लेक म्हणाली, "बाबा, निदान आवाज तरी छान येतो." दुपारचे तीन वाजले होते. मी बदली रिमोट मागवायला फोन हातात घेतला.

तेव्हा आई मोड्यावरून खाली वाकली, काचेतून आत बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, ज्योत आहे म्हणून वीज आहे म्हणालास ना?"

"हो."

"मग ज्योत कुठाय?"

मी पोटावर झोपून आत बघितलं. कोपऱ्यात थर्मोपाइलचा दांडा उभा होता, त्याच्या तोंडाशी गार अंधार.

"यात विस्तवच नाही," आई म्हणाली. "आमच्या वेळी रात्री निजताना चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवायचो. सकाळी राख सारली की लाल. कधी विझलाच तर गोवरी घेऊन शेजारी विस्तव मागायला जायचं. पण विस्तव आहे का नाही हे आधी बघायचं, मग फुंकणी हातात घ्यायची. तू मघापासून नुसता फुंकतोयस."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "एप्रिलमध्ये तूच म्हणालास, उन्हाळाभर पायलट कशाला जाळायचा, गॅस वाया जातो. मी बंद केला."

मला ते आठवत होतं. फक्त ते माझं वाक्य आहे हे आठवत नव्हतं.

पायलट पेटवण्याचा विधी पुस्तिकेत नाही, तो फायरप्लेसच्या आत एका पत्र्यावर लिहिलेला असतो आणि तो वाचायला जमिनीला गाल टेकावा लागतो. झडपेची कळ बंदवर न्यायची आणि पाच मिनिटं थांबायचं, म्हणजे साचलेला गॅस असेल तर निघून जातो. मग कळ पायलटवर आणून आत दाबायची, शेजारचं ठिणगीचं बटण दाबायचं, ज्योत लागली की कळ आणखी मिनिटभर दाबून धरायची. ज्योतीने झडपेचं चुंबक धरून ठेवण्याइतकी वीज तयार होईपर्यंत हात सोडायचा नाही. हा बंदोबस्त यासाठी की ज्योत विझली तर चुंबक सुटतं आणि गॅस आपोआप बंद होतो. मी पहिल्यांदा वीस सेकंदांत हात सोडला. ज्योत गेली. पुन्हा पाच मिनिटं. दुसऱ्यांदा आई म्हणाली, "घड्याळ राहू दे. सावकाश शुभंकरोती म्हण, दोनदा." म्हटली. ज्योत राहिली.

सोफ्यावर गेलो. खट्. आणि भप्पकन सगळे ओंडके पेटले. अकरा पावलांवरून, बसल्या जागी. मी विजयी मुद्रेने आईकडे बघितलं. ती म्हणाली, "आता इडलीचं पीठ बघा जरा."

पुढचे चार दिवस सुखाचे गेले. मी जिन्यातून जाळ लावला, स्वयंपाकघराच्या दारातून लावला, एकदा पाठमोरा उभा राहून खांद्यावरून लावला. पाचव्या रात्री आईच्या खोलीला ऊब राहावी म्हणून जाळ रिमोटच्या थर्मोस्टॅटवर ठेवून आम्ही वर झोपायला गेलो.

रात्री दोन वाजता 'टीं'. थोड्या वेळाने पुन्हा 'टीं'.

अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येकाला हा आवाज माहीत आहे. छताला लावलेल्या धुराच्या घंटीची बॅटरी संपत आली की ती असा हुंदका देते, आणि हा हुंदका कधीही दिवसा येत नाही. आमच्याकडे अशा सात घंट्या आहेत. कुठली रडतेय ते कळत नाही. मी गॅरेजमधून शिडी आणली. तिच्या ॲल्युमिनियमला हात चिकटायचा बाकी राहिला होता. एकेक करून सातही घंट्यांच्या नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या बदलल्या. सातवी बदलून खाली उतरलो, आणि 'टीं'.

आई दारात उभी होती. "टिटवी ओरडतेय का रे?" तिने विचारलं. "रात्रीची टिटवी चांगली नाही."

टिटवी फायरप्लेसच्या खालच्या कप्प्यात होती. रिसीव्हरला १३० अंश फॅरनहाइटपर्यंत उष्णता चालते, त्यापुढे तो ओरडून सांगतो की मला इथून हलवा. पुस्तिकेत चित्र काढून दाखवलं होतं की तो एका कडेला, जाळापासून लांब ठेवा. मी तो बरोबर मधोमध, जाळाच्या पोटाखाली ठेवला होता, कारण तिथे नीटनेटका दिसत होता. पहाटे चार वाजता मी त्याला हात जाईल तितका डाव्या कोपऱ्यात सरकवला. इतका आत, की परत काढताना अडचण होईल हे तेव्हा लक्षात आलं नाही.

आता हळदीकुंकू.

संक्रांतीनंतरचा शनिवार. बाहेर बर्फ, आत अठरा बायका. संक्रांतीला काळं नेसतात, कारण काळा रंग ऊब धरतो. साताऱ्याच्या जानेवारीसाठी हा विचार शहाणपणाचा आहे. अठराही जणी काळ्या रेशमी साड्यांत होत्या. बायकोने सकाळी बजावलं होतं, "बैठकीत तुझा एकही पसारा दिसता कामा नये." मी चार्जर, चष्मा, वर्तमानपत्र उचललं, आणि टीपॉयवरचा रिमोट घाईघाईने खिडकीच्या कठड्यावर, पडद्यामागे सारला. त्याआधी त्याला सांगून ठेवलं, खोली ७२ अंशांवर ठेव. पाहुण्यांना कशी छान ऊब मिळेल.

इथे एक बारीकशी गोष्ट आहे. खोलीचं तापमान रिसीव्हर मोजत नाही. रिमोट मोजतो, आणि रिमोट जिथे असेल तिथलंच मोजतो. खिडकीच्या काचेला चिकटून, पडद्याआड बसलेल्या त्या बिचाऱ्याला खोलीत काय चाललंय याचा पत्ता नव्हता. त्याला लागत होती थंडी. तो दर पंधरा मिनिटांनी इमानेइतबारे रिसीव्हरला कळवत होता: अजून गारठा आहे, चालू दे. रिमोटशी संपर्क तुटला तर दोन तासांनी जाळ आपोआप बंद होतो, अशी सोयही त्यात आहे. पण संपर्क उत्तम होता.

असं फायरप्लेस तासाला तीस हजार बीटीयू जाळतं. आपल्या भाषेत सांगायचं तर अडीच टनांचा एसी उलटा चालवल्यासारखं. वाण लुटून होईपर्यंत भिंतीवरचं घड्याळवजा तापमापक ८४ अंशांवर, म्हणजे आपल्या २९वर पोचलं होतं. मसाला दूध कुणी घेईना. तिळाचे लाडू मऊ पडले. कुंकू कपाळावरून निघालं ते थेट नाकाच्या शेंड्याकडे. शेवटी एका ज्येष्ठ बाईंनी, जानेवारीतल्या शिकागोत, बायकोला विचारलं, "अगं, पंखा आहे का तुझ्याकडे?"

मला वरच्या मजल्यावरून खाली बोलावण्यात आलं. "बंद कर ते," बायको हसत हसत म्हणाली. पाहुण्यांसमोर ती ज्या हसण्याने बोलते त्याचा अर्थ मला माहीत आहे. मी टीपॉयकडे बघितलं. रिमोट नव्हता. तो मी कुठे ठेवला हे, देवाशपथ, आठवेना. सवयीने भिंतीवरच्या बटणाकडे गेलो. तिथे माझी कोरी, पांढरी, सुंदर पट्टी होती.

"दार उघडा," कुणीतरी सुचवलं. मी अंगणाचं सरकतं दार उघडलं. उणे तापमानाचा वारा आत आला, सगळ्यांना क्षणभर बरं वाटलं, आणि तो वारा सरळ शेजारच्या खिडकीच्या पडद्यात शिरला. रिमोट आणखी गारठला. आता जाळ थांबायचं काही कारणच उरलं नाही.

राहिला एकच मार्ग. खालच्या कप्प्याचं झाकण उघडून रिसीव्हरवरची कळ हाताने बंद करायची. मी ओव्हनचे फुलाफुलांचे हातमोजे चढवले आणि अठरा काळ्या साड्यांच्या मधोमध पोटावर पालथा पडलो. समोरच्या दोघींनी पाय वर घेतले. रिसीव्हर होता डाव्या कोपऱ्यात, हात जाईल तितका आत. आणि मोज्यातला हात त्याच्याहून चार बोटं कमी जात होता. वरून एक आवाज आला, "काही पडलंय का हो?" दुसरा म्हणाला, "नाही, ते फायरप्लेसला नमस्कार करतायत." मला वाटतं त्या वेळी गुलाबदाणी माझ्यावरूनच पलीकडे गेली, कारण मानेवर गुलाबपाणी पडल्याचं आठवतं.

शेवटी आईने देवघराशेजारच्या कपाटातून लाटणं आणून दिलं. लाटण्याच्या टोकाने कळ सरकली. खट्. जाळ विझला.

त्याच क्षणी लेकीने वाऱ्याने फडफडणारा पडदा बाजूला केला. "बाबा, हा रिमोट इथे काय करतोय? यावर ५१ दाखवतंय."

रात्री भांडी पुसताना मी स्वतःचा बचाव करायचा एक प्रयत्न केला. शिकागोत आगीचं खापर फोडायची मोठी परंपरा आहे. ८ ऑक्टोबर १८७१च्या रात्री डीकोव्हन रस्त्यावरच्या ओलिअरी कुटुंबाच्या गोठ्यापाशी आग लागली आणि शहराचा मध्यभाग जळाला. सुमारे तीनशे माणसं गेली, लाखभर बेघर झाली. गाईने कंदिलाला लाथ मारली असं ठरलं. पुढे ती गोष्ट एका बातमीदाराने रचल्याचं निघालं, आणि १९९७मध्ये शहराच्या नगरसभेने ओलिअरी बाईंना आणि त्यांच्या गाईला रीतसर निर्दोष ठरवलं. जिथे तो गोठा होता तिथे पुढे अग्निशमन दलाची प्रशिक्षण शाळा उभी राहिली. "तात्पर्य," मी म्हटलं, "आगीच्या बाबतीत घाईने कुणाला दोषी धरू नये."

बायको म्हणाली, "गाईला सुटायला एकशे सव्वीस वर्षं लागली. तूही थांब. आणि गाईने निदान भिंतीवरचं बटण काढलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ते बटण मी परत बसवलं. दोन तारा, दोन स्क्रू, सात मिनिटं. मेन स्विच पाडावा लागला नाही. या वेळी कुणालाही सोफ्यावर बोलावलं नाही. आई मार्चमध्ये साताऱ्याला परत गेली. दर नोव्हेंबरात तिचा फोन येतो तेव्हा तब्येतीच्या आधी ती विचारते, "विस्तव आहे का बघितलास?" मी बघितलेला असतो.

तुम्हाला असा रिमोट बसवायचा असेल तर खुशाल बसवा, यंत्र चांगलं आहे. त्याने माझ्या घरी सांगितलेलं प्रत्येक काम चोख केलं. फक्त रिसीव्हर कडेला ठेवा, रिमोट खिडकीत ठेवू नका, आणि भिंतीवरचं बटण काढू नका. आमचा रिमोट सध्या ड्रॉवरमध्ये, टीव्हीचे दोन जुने रिमोट आणि उदबत्तीचा पुडा यांच्या शेजारी आहे. त्याचे सेल काढून घड्याळाला घातलेत.